नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, चार पेन्सिल सेल आणि सारखा रीसेट होणारा ऊनो

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे: हात जवळ नेला की झाकण उघडणारी कचराकुंडी. आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड), अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि झाकणाला एसजी९० सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर. लॅपटॉपच्या यूएसबीवर सगळं झकास चालतं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली की झाकण अर्धवट उघडतं, थरथरतं, बोर्डावरचा दिवा मंदावतो आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. नवी बॅटरी आणली तरी तेच. मल्टिमीटर ९.२ व्होल्ट दाखवतो. तू विचारतोयस, कोडमध्ये चूक आहे का, आणि घरातले पेन्सिल सेल वापरले तर किती लागतील?

कोडला हात लावू नकोस, तो बरोबर आहे. बॅटरीही खराब नाही. तिला जे काम दिलंय ते तिचं नाही, एवढंच. दरवर्षी प्रदर्शनांच्या मोसमात माझ्याकडे येणाऱ्या 'बिघडलेल्या' प्रोजेक्टांपैकी बरेच असेच असतात. ऊनो, सर्वो आणि चौकोनी बॅटरी.

मल्टिमीटरने दाखवलेले ९.२ व्होल्ट खरे आहेत, पण ते बॅटरी नुसती बसलेली असतानाचे. गच्चीवरची टाकी उंच आहे आणि खाली येणारा पाइप मात्र अर्ध्या इंचाचा, गंजून निम्मा बुजलेला, असं समज. नळ बंद असताना प्रेशर भरपूर. नळ उघडला की धार करंगळीएवढी, आणि शेजारच्या न्हाणीघरातला नळ कुणी सोडला तर तीही गेली. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. बॅटरीच्या आतला रोध म्हणजे तो पाइप. करंट वाढला की आतल्या रोधावरच व्होल्टेज पडतं आणि बाहेर उरेल ते तुझं.

चौकोनी बॅटरीचं आवरण उचकटून पाहिलंस तर आत एकावर एक रचलेले सहा छोटे सेल दिसतील, प्रत्येकी दीड व्होल्टचे. मुठीत मावेल एवढ्या डबीत सहा सेल कोंबायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रसायन किती येणार? आपल्याकडे किराणा दुकानात नऊ व्होल्टची म्हणून जी मिळते ती बहुधा झिंक-कार्बनची असते, अंगावर ६एफ२२ लिहिलेली. अल्कलाइन असेल तर ६एलआर६१ लिहिलेलं असतं. झिंक-कार्बनवालीचा आतला रोध अल्कलाइनपेक्षा कितीतरी जास्त. समज तो २० ओम आहे आणि सर्वोने झाकण उचलताना पाव अँपिअर ओढला. २० गुणिले ०.२५ म्हणजे ५ व्होल्ट आतल्या आतच गेले. बाहेर आले जेमतेम ४. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि हे ४ तरी सरळ चिपपर्यंत कुठे पोचतात! काळ्या गोल जॅकमधून आलेली वीज आधी एका डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जाते, तिथे साधारण ०.७ व्होल्ट गेले. पुढे पाच व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज पाचावर आणून स्थिर ठेवणारा भाग. त्याला स्वतःसाठी सुमारे एक व्होल्ट वर लागतो. म्हणजे पाच व्होल्ट नीट हवे असतील तर जॅकवर किमान ७ हवेत, आणि म्हणूनच ऊनोसाठी ७ ते १२ व्होल्टची शिफारस असते. जॅकवरचे ७ चे ६ झाले की आतली पाचाची लाइन सव्वाचारावर येते. आणखी घसरली की मजा सुरू. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपला १६ मेगाहर्ट्झवर नियमानुसार चालायला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. पण 'व्होल्टेज पडलं, आता रीसेट हो' असं सांगणारं तिचं ब्राउन-आउट सर्किट ऊनोवर २.७ ला लावलेलं असतं. ३.८ ते २.७ हा मधला पट्टा म्हणजे नुसती भुताटकी. चिप बंद पडत नाही आणि शुद्धीवरही नसते. सेन्सर भलतेच आकडे देतो, सर्वो थरथरतो, सिरियल मॉनिटरवर (लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी) चिन्हांचा कचरा येतो. विद्यार्थी रात्रभर कोड तपासतात ते याच पट्ट्यात.

खात्री करायची असेल तर मीटर बोर्डावरच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांमध्ये धर आणि झाकण उघडायला लाव. आकडा खाली जाताना दिसेल. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो, त्यामुळे प्रत्यक्ष खड्डा त्याला दिसतो त्याहून खोल असतो हे धरून चाल.

सर्वो काढून टाकला तरी या बॅटरीचं गणित बसत नाही. नुसता ऊनो काहीही न करता ४५-५० मिलिअँप खातो, कारण यूएसबी सांभाळणारी दुसरी चिप, रेग्युलेटर आणि तो हिरवा दिवा सतत चालू असतात. चांगल्या अल्कलाइन चौकोनी बॅटरीत ५०० एमएएचच्या (मिलिअँप-तासांच्या) आसपास साठा. कागदावर दहा तास, हातात त्याहून कमी, कारण सात व्होल्टच्या खाली उरलेला साठा ऊनोच्या उपयोगाचा नाही. शिवाय हा रेग्युलेटर जादाचं व्होल्टेज उष्णता म्हणून जाळतो. नऊचे पाच करताना वरचे चार वाया. घेतलेल्या विजेतला शंभरातला पंचेचाळीसचा वाटा नुसता हवा तापवण्यात. तुलनेला, एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण ३ वॉट-तास ऊर्जा असते आणि अख्ख्या चौकोनी बॅटरीत चारेक. म्हणजे तू महागडी बॅटरी घेऊन दीड पेन्सिल सेलाएवढी ऊर्जा विकत घेतलीस, तीही अरुंद पाइपातून.

ही बॅटरी मल्टिमीटरसारख्या, अगदी थोडा करंट घेणाऱ्या उपकरणांसाठी आहे. तिथे ती वर्ष-वर्ष चालते. मी तरी बोर्डासाठी ती कधी घेत नाही. आणि आहे तीही दप्तरात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटी टाकू नकोस. दोन्ही टोकं शेजारीशेजारी असल्याने एखादी किल्ली आडवी पडली की शॉर्ट होतो आणि बॅटरी भाजण्याइतकी तापते, आगही लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून ठेव.

आता पेन्सिल सेल. दुकानदाराला नुसतं 'पेन्सिल सेल द्या' म्हटलंस तर तो घड्याळाचा सेल काढून देईल, आणि तो घड्याळासाठीच चांगला. सेलाच्या अंगावर बारीक अक्षरं असतात ती वाच. आर६ लिहिलेलं असेल तर झिंक-कार्बन, एलआर६ असेल तर अल्कलाइन, एचआर६ असेल तर चार्ज करायचा निकेल-मेटल हायड्राइड. (बारक्या पेन्सिल सेलांवर हेच आर०३, एलआर०३, एचआर०३ असं येतं.) 'हेवी ड्यूटी' या शब्दांना फसू नकोस. ते मोठ्या अक्षरांत ज्यावर छापलेलं असतं तो बहुतेक वेळा झिंक-कार्बनच असतो, म्हणजे तिघांत सगळ्यात हलका. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

अल्कलाइनचा नवा सेल १.६ व्होल्टपर्यंत असतो आणि वापराबरोबर एकसारखा उतरत ०.९ पर्यंत येतो. साठा सावकाश वापरला तर २००० ते २८०० एमएएच. चार्जवाला सेल १.२ व्होल्टचा म्हणून लोक नाक मुरडतात, 'कमी आहे ना' म्हणतात. पण तो चार्जरवरून काढल्यावर १.४ च्या आसपास असतो, लगेच १.२ वर येतो आणि जवळपास संपेपर्यंत तिथेच टिकून राहतो. अल्कलाइनही अर्ध्या आयुष्यानंतर १.२ च्या खालीच असतो, हे कुणी बघत नाही. शिवाय चार्जवाल्याचा आतला रोध फार कमी, एक-दोन अँपिअर मागितले तरी कुरकुर नाही. सर्वोला नेमकं हेच हवं. सगळ्याची सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात ना, तसंच करंटचं आहे.

किती सेल, या प्रश्नातली गंमत अशी की बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा होल्डर चार सेलांचा, आणि चार अल्कलाइन सेल ऊनोला कुठेच नीट बसत नाहीत. जॅकमध्ये दिले तर सहा व्होल्ट, वर सांगितल्याप्रमाणे कमी पडतात. थेट ५ व्होल्टच्या पिनला दिले तर नवेकोरे असताना ६.४ व्होल्ट, आणि चिपची सहनशक्तीची कमाल मर्यादा ६.० आहे. जळेलच असं नाही, पण मी तुझ्या बोर्डावर तो जुगार खेळणार नाही.

चार चार्जवाले सेल मात्र ५ व्होल्टच्या पिनला अगदी मापाचे. ४.८ व्होल्ट. ताजे चार्ज केलेले असताना थोडा वेळ साडेपाचच्या आसपास, काही वेळा थोडे वरही, पण बोर्ड सुरू झाला की काही मिनिटांत खाली येतात. आणि प्रत्येक सेल एक व्होल्टवर आला तरी बेरीज ४.०, म्हणजे चिपच्या ३.८ च्या वरच. रेग्युलेटर वाटेत नसल्याने काही जळत नाही. तुझ्या कुंडीला हेच कर.

वायरिंग असं. होल्डरच्या धन टोकातून दोन वायरी काढ, एक ऊनोच्या ५ व्होल्ट पिनला, दुसरी थेट सर्वोच्या लाल वायरीला. ऋण टोकातूनही तशाच दोन, एक ग्राउंडला आणि एक सर्वोच्या तपकिरी वायरीला. सर्वोचा करंट बोर्डावरून फिरवायचा नाही, मुळापासूनच वेगळा न्यायचा. ग्राउंड मात्र एकच हवं. ते जोडायचं राहिलं तर सर्वोला सिग्नल कळत नाही आणि तो वेड्यासारखा हलतो. सर्वोच्या लाल-तपकिरी वायरींवर, सर्वोच्या जवळ, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, १० किंवा १६ व्होल्टचा. त्याच्या अंगावरचा पट्टा ऋण बाजूला. उलटा लावलास तर फुटतो. एसजी९० हलताना शे-दोनशे मिलिअँप घेतो, पण सुरू होतानाचा झटका आणि झाकण अडकल्यावरचा करंट अर्ध्या अँपिअरच्याही वर जातो. तो झटका कपॅसिटर झेलतो.

दोन सावधगिऱ्या. ५ व्होल्टच्या पिनवर उलट जोडणीपासून कसलंच संरक्षण नाही, लाल-काळं उलटं झालं की चिप गेली. डायोड फक्त गोल जॅकच्या वाटेवर आहे, अगदी व्हीइन पिनच्या वाटेवरही नाही. आणि सेल जोडलेले असताना यूएसबी लावू नकोस. दोन वेगवेगळी उगमस्थानं एकाच लाइनीवर आली की एक दुसऱ्यात करंट ढकलतं. प्रोग्रॅम टाकायचा तर सेलांचा स्विच बंद, म्हणजे स्विच हवाच.

हिशेब: ऊनोचे ५०, सेन्सरचे १५, सर्वो नुसता धरून ठेवण्याचे दहाएक. पाऊणशे मिलिअँप धर. २००० एमएएचचे सेल असतील तर २६ तास. झाकण उघडण्याचे थोडे वजा कर. दोन दिवसांचं प्रदर्शन एका चार्जमध्ये निघतं. झाकण बंद झाल्यावर कोडमध्ये सर्वो डिटॅच केलास, म्हणजे त्याचा सिग्नल थांबवलास, तर त्याची गुणगुणही थांबेल आणि करंटही वाचेल.

घरात अल्कलाइनच असतील आणि उद्याच सबमिशन असेल तर एक जुगाड: चार सेलांच्या धन वायरीत एक १एन४००७ डायोड टाक. तो ०.७-०.८ व्होल्ट खातो, म्हणजे ६.४ चे ५.६ झाले, आणि उलट जोडणीपासूनही वाचवतो. सेल निम्मे संपले की बेरीज चारावर येईल आणि तक्रारी सुरू होतील. पण सबमिशन होऊन जाईल! दुसरा रस्ता म्हणजे सहा अल्कलाइन सेल गोल जॅकमधून बोर्डाला आणि सर्वोला स्वतंत्र चार सेल. तो नीट चालतो, पण दहा सेल आणि दोन होल्डर घालून कचराकुंडीच सेलांनी भरेल.

होल्डरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण याकडे कुणी पाहत नाही. स्वस्त होल्डरच्या स्प्रिंगा पातळ, वायरी केसाएवढ्या आणि रिव्हेट ढिले. चार सेलांचे आठ टेकू, प्रत्येकात थोडा थोडा रोध, आणि पाव-अर्धा अँपिअर जाताना वाटेतच अर्धा व्होल्ट गडप. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलास तर हातात घेऊन स्प्रिंग दाबून बघ, पाच-दहा रुपये जास्त दे. कोकणात राहत असशील तर आणखी त्रास. दमट खाऱ्या हवेत स्प्रिंगांवर हिरवट थर चढतो. बारीक सँडपेपरने घासून घ्यायचा.

सेलांची भेसळ करू नकोस. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय. विद्यार्थी असताना एका कॉलेजातल्या स्पर्धेत लाइनवरून चालणारा रोबो घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री चार चार्जवाल्या सेलांपैकी एक चार्जरमध्ये नीट बसलाच नव्हता, सकाळी घाईत तसाच घातला. सुरुवातीला रोबो पळाला. दुसऱ्या वळणावर मंदावला, मग थांबला. बाहेर काढून मोजलं तर तीन सेल ठणठणीत आणि चौथा उणे ०.२ व्होल्ट! एका माळेत सगळ्यांतून करंट तेवढाच जातो. जो आधी संपतो त्याच्यातून बाकीचे तिघे जबरदस्तीने करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होतो. तो सेल पुन्हा कधी धड चालला नाही. अल्कलाइनच्या बाबतीत हेच झालं की सेल गळतो. म्हणून चारही एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकत्र चार्ज केलेले. मी सेलांवर मार्करने जोडीची खूण करतो, अ, ब, क अशी.

गळण्यावरून आठवलं, झिंक-कार्बन सेलाचं जस्ताचं भांडं हेच त्याचं एक टोक असतं. सेल वापरला जातो तसं भांडंच झिजतं, शेवटी भोक पडतं आणि रस बाहेर. संपलेला सेल होल्डरमध्ये विसरलास की बोर्डाची वाट लागली म्हणून समज. अल्कलाइन गळला तर पांढरी भुकटी क्षाराची असते, व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या थेंबाने पुसायची. झिंक-कार्बनचा रस आम्लाच्या बाजूचा, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. हाताला लागू देऊ नकोस.

आता, कुंडी झाली की तू पुढे विचारणारच, 'मग झाडाच्या कुंडीतला ओलावा मोजणारं यंत्र सेलांवर महिनोन्महिने चालेल का?' चालेल, पण ऊनोवर नाही. त्यातली मुख्य चिप झोपवली तरी बाकीचा बोर्ड जागाच असतो आणि वीसेक मिलिअँपच्या खाली काही येत नाही. त्यासाठी ३.३ व्होल्टचा, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी हा छोटा आर्डुइनो बोर्ड घे. त्यावरचा दिवा आणि रेग्युलेटर काढून टाक आणि तीन अल्कलाइन सेल थेट व्हीसीसी या पुरवठ्याच्या पिनला जोड. नवे असताना ४.८, पार संपताना २.७. ८ मेगाहर्ट्झवर या सगळ्या टप्प्यात चिप बिनतक्रार चालते, आणि रेग्युलेटरच नसल्याने सेल शेवटच्या थेंबापर्यंत वापरला जातो. फक्त सेन्सरही या पट्ट्यात चालणारा हवा. सेन्सरची वीज एका पिनवरून द्यायची, मोजण्यापुरती चालू, मग बंद.

झोपेत वॉचडॉग टायमर (ठरावीक वेळाने जागं करणारं आतलं घड्याळ) चालू ठेवून ही चिप पाच-सहा मायक्रोअँप घेते. वॉचडॉग जास्तीत जास्त आठ सेकंदांनी उठवतो, म्हणून ११२ वेळा उठून पुन्हा झोपायचं की पाव तास होतो. पाव तासाने अर्धा सेकंद १० मिलिअँप घेतले तर सरासरी भर जेमतेम साडेपाच मायक्रोअँपची. एकूण १२ धर. २००० एमएएच भागिले ०.०१२, म्हणजे कागदावर १९ वर्षं! अर्थात त्याआधी सेल म्हातारपणाने मरेल. इथे हिशेब करंटचा उरत नाही, सेलाच्या शेल्फवरच्या आयुष्याचा होतो.

वायफाय हवं असेल तर चित्र पालटतं. ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपला ३.० ते ३.६ व्होल्ट लागतात आणि रेडिओ बोलतो त्या क्षणी २४० मिलिअँपपर्यंत झटका. दोन अल्कलाइन सेल ताजे असतानाही त्या झटक्याने तीनच्या खाली जातात आणि सिरियलवर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' उमटतं. तो संदेश दिसला की कोड नव्हे, वीज तपासायची. ईएसपी८२६६ थोडा सोशिक, अडीच व्होल्टपर्यंत उतरतो. मी यासाठी तीन सेल आणि एचटी७३३३ हा रेग्युलेटर वापरतो, जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा रेग्युलेटर स्वतःसाठी चारेक मायक्रोअँपच घेतो, पण देतो जास्तीत जास्त २५० मिलिअँप, म्हणून ईएसपी३२ ला तो काठावरचा. तिथे अर्धा अँपिअर देणारा, कमी खाणारा शोध.

तयार बोर्डावर मात्र बहुधा एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. तो बोर्ड झोपला तरी पाच मिलिअँप पीत राहतो. हिशेब कर: पाव तासाने चार सेकंद जागा, तेव्हा ८० मिलिअँप, आणि झोपेत २० मायक्रोअँप, तर सरासरी ०.३८ मिलिअँप. २००० एमएएचवर सात महिने. तेच एएमएस१११७ वाल्या बोर्डावर नुसत्या झोपेतच सतरा दिवसांत सेल साफ. कोडमध्ये डीप स्लीप लिहून 'तरी सेल का संपतात' म्हणून डोकं धरून बसणारे सगळे याच बोर्डाचे बळी.

झोपेतला करंट मोजताना एक खोडा येतो. पिवळा स्वस्त मीटर २०० मायक्रोअँपच्या रेंजवर माळेत लावलास की तो स्वतःच एक किलोओहमचा रोध होऊन बसतो. बोर्ड उठताना १० मिलिअँप मागतो आणि मीटर त्याचा गळा आवळतो, बोर्ड रीसेट. म्हणून मीटरच्या दोन्ही टोकांवर एक क्लिप आडवी लाव, बोर्ड सुरू होऊन झोपू दे, मग क्लिप काढ आणि आकडा वाच. उठायच्या आत क्लिप परत.

आणखी एक फसवणूक, ही सेन्सरवाल्यांसाठी. ॲनालॉग रीड (पिनवरचं व्होल्टेज वाचणारी आज्ञा) साधारणपणे पुरवठ्याच्या व्होल्टेजशी तुलना करून आकडा देतो. पुरवठा पाचाचा समजून कोड लिहिला आणि सेल उतरून ४.५ वर आले, तर एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर ३० अंशांच्या खोलीत ३३ सांगेल. उपाय चिपमध्येच आहे, १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ. एलएम३५ सारख्या सेन्सरला तोच वापर. उलट बाजूने, पुरवठ्याच्या तुलनेत तो संदर्भ मोजला तर सेलांचं व्होल्टेज कळतं, एकही जादा वायर न लावता. ११२५३०० ला आलेल्या आकड्याने भाग, उत्तर मिलिव्होल्टमध्ये. तो १.१ प्रत्येक चिपमध्ये शेकडा दहापर्यंत इकडेतिकडे असतो, म्हणून एकदा मीटरशी ताडून वरचा आकडा दुरुस्त करून घे. मग ४.१ च्या खाली गेलं की लाल दिवा लावता येतो, परीक्षकांनाही आवडतं.

बाकीचे पर्याय भराभर. पॉवर बँक सोयीची, पण पन्नासेक मिलिअँप घेणारा बोर्ड तिला 'फोन भरला' असा वाटतो आणि अर्ध्या मिनिटात ती स्वतःला बंद करते. दोन सेलांवरून पाच व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल चालतं, पण पाचाला ३०० मिलिअँप हवे तर २.४ व्होल्टच्या सेलांतून पाऊण अँपिअर खेचतं, घड्याळाचे सेल तिथे गुडघे टेकतात. बटण सेल, सीआर२०३२, त्यात २०० एमएएचच्या थोडं वर साठा आणि तोही कणाकणाने द्यायचा. झोपाळू सेन्सरपुरता ठीक, सर्वोला अजिबात नाही, आणि घरात लहान मूल असेल तर स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच, गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. लॅपटॉपमधले जुने लिथियम सेल संरक्षण सर्किटाशिवाय वापरू नकोस, आणि बाजारात ९९०० एमएएच छापलेला १८६५० हा लिथियम सेल दिसला तर हसून पुढे जा.

आता चार चार्जवाले सेल, बरा होल्डर, स्विच आणि कपॅसिटर आण. जोडलंस की झाकण वीस वेळा उघड-बंद करत मीटर ५ व्होल्ट पिनवर धरून बघ. साडेचारच्या खाली जात असेल तर आधी होल्डर बदल, मग सेल, आणि तरीही जात असेल तर झाकणाची बिजागरी घट्ट आहे का ते बघ.